स्वतंत्र चल आणि बाबांचं पीठ

"पण बाबा, नेमकं कशामुळे काय होतं, तेवढं तरी सांगा."

भारतीबाबा चुलीपुढे बसून भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"विस्तवामुळे भाकरी भाजते."

"तसं नाही हो. मी भांडणांबद्दल विचारतोय."

"असं होय..." बाबांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "मग आधी जेवून घे."

विचारणाऱ्याचं नाव श्रीरंग बोपर्डीकर. समाजशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेला माणूस. निघून बरीच वर्षं झाली होती, पोचायचं बाकी होतं. नोंदणीची मुदत वाढवून झाली, वाढवलेली मुदतही संपत आली. आता शनिवारी समितीपुढे आराखडा मान्य झाला नाही तर विद्यापीठातून नाव कटणार होतं. तसं झालं तर घरी काय तोंड दाखवायचं, हा विचार तो टाळत असे. टाळला तरी तो विचार यायचाच.

स्वतःच्या हुशारीबद्दल मात्र त्याला शंका नव्हती. शंका होती ती मॅडमच्या हुशारीबद्दल.

त्याच्या मार्गदर्शक डॉ. कोरान्ने मॅडम. त्यांनी त्याचा आराखडा परत पाठवला होता. समासात लाल शाईने एवढंच लिहिलं होतं: 'यात स्वतंत्र चल कोणता आणि परतंत्र कोणता? खात्री आहे?'

त्या 'खात्री आहे?' वर श्रीरंगचं डोकं फिरलं होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला विचारावा असा प्रश्न. चल म्हणजे जे कमीजास्त होतं ते. स्वतंत्र चल आपल्या मर्जीने हलतो आणि दुसऱ्याला हलवतो. परतंत्र चल, हलवला की हलतो. साबण लावला की मळ निघतो. साबण स्वतंत्र, मळ परतंत्र. यात खात्री कसली करायची? तेव्हापासून तो मॅडमशी कामापुरतंच बोलत होता, आणि काम काही होत नसल्यामुळे बोलणंही होत नव्हतं.

वास्तविक त्याचं गृहीतक अगदी सरळ होतं.

करवंदवाडीच्या टेकडीवर मठ आहे. मठाच्या ओसरीत एक जातं आहे. गावात कुणाचं कुणाशी वाजलं की दोघांनी टेकडी चढून यायचं, जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसायचं, एकच खुंटा दोघांनी धरायचा आणि पाटीभर ज्वारी दळायची. बाई असो की बाप्या. दळून होईपर्यंत भांडणाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ज्याने काढलं त्याने उठून खाली जायचं आणि आठ दिवस मठाची पायरी चढायची नाही. दळून झालं की बाबा म्हणणार, "बोला." बहुतेक वेळा तोवर बोलायला काही उरलेलं नसायचं.

म्हणजे एकत्र दळलं की भांडण मिटतं. दळण स्वतंत्र, भांडण परतंत्र. श्रीरंगने या वाक्यात 'सहश्रम' आणि 'आंतरवैयक्तिक संघर्ष' असे शब्द घालून ते चांगलं वजनदार केलं होतं. आता बाबांच्या तोंडून 'हो, असंच आहे' एवढं निघालं की ते मॅडमपुढे नेऊन आपटायचं, एवढ्यासाठी तो सॅक पाठीला लावून मठात मुक्कामाला आला होता.

बाबा काही केल्या ते म्हणत नव्हते.

"तुझ्या मॅडमचं काय म्हणणं?" भाकरीवर ठेचा वाढत बाबांनी विचारलं.

"मॅडमना काही कळत नाही, बाबा."

"काहीच?"

"काहीच."

बाबांनी मान डोलावली. "लक्षात ठेवतो," ते म्हणाले.

श्रीरंगने आणखी एक भाकरी मागून घेतली.

*

दुपारी बाजी आणि सोपान हे दोघे भाऊ टेकडी चढून आले. पुढचा मागे वळून बोलत होता, मागचा खाली बघून बोलत होता, आणि दोघांपैकी कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. दोघांत मिळून एक मोटरसायकल होती.

"बाबा, ह्यानं टाकी पार कोरडी करून गाडी दारात आनून लावली," बाजी म्हणाला.

"आनि मागचं चाक बसलेलं कुनी दिलं, ते सांग की," सोपान म्हणाला.

बाबांनी जात्याकडे बोट केलं.

दोघे बसले. खुंटा धरला. जात्याचं असं असतं की एकाने ओढलं की दुसऱ्याने हात सैल सोडायचा, मग त्याने ओढायचं. या दोघांनी एकदमच आपापल्याकडे ओढलं. जातं जागचं हललं नाही. पुन्हा ओढलं. सोपानच्या कपाळाची शीर वर आली. बाजीने दात आवळले. ओसरीत नुसते त्यांचे श्वास ऐकू येत होते.

मग बाजीचा हात दमला म्हणून सैल पडला... आणि दगड फिरला.

त्यानंतर ते बरंच दळत बसले. मध्येच एकाने म्हशीचा विषय काढला, दुसऱ्याने कुणाच्यातरी लग्नाचा. पाटी रिकामी झाली.

"बोला," बाबा म्हणाले.

दोघे एकमेकांकडे बघत राहिले.

"काय न्हाई बाबा," सोपान म्हणाला. "उद्या बाटलीत आनतो मी पेट्रोल."

"चाकाचं मी बघतो," बाजी म्हणाला.

दोघे पाया पडून उतरून गेले. श्रीरंगला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"बघितलंत ना, बाबा? दळलं म्हणून मिटलं."

बाबा जात्याभोवतीचं पीठ कुंच्याने गोळा करत होते. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत घेऊन चोळून पाहिलं. "चांगलं बारीक आलंय," ते म्हणाले. "भरड पिठाची भाकरी चिरते."

"बाबा, मी काय विचारतोय..."

बाबांनी जात्याच्या खालच्या दगडावर हात ठेवला. "हा फिरतो?"

"नाही."

"वरचा?"

"वरचा फिरतो."

"मग पीठ कुणी केलं?"

"दोघांनी... म्हणजे खुंट्याने. म्हणजे, खुंटा ओढणाऱ्यांनी."

"ते का आले?"

"भांडण झालं म्हणून."

"हं. म्हणजे भांडणामुळे पीठ झालं."



"पण मुद्दा भांडण मिटण्याचा आहे," श्रीरंग म्हणाला.

"तो तुझा," बाबांनी पीठ डब्यात भरत म्हटलं. "मी आपलं पिठाचं बघतो."

म्हातारा गंमत करतोय, असं श्रीरंगने ठरवून टाकलं. तरी भांडण स्वतंत्र आणि पीठ परतंत्र, असा एक बाण त्याच्या डोक्यात उलट्या दिशेने रुतून बसला तो बसलाच.

*

पिठाची गोष्ट अशी होती. बाबांच्या गुरूंचा दंडक होता की मठाने दाणे दान घ्यावेत, पीठ घेऊ नये. जे दळायचं ते मठाच्या जात्यावर दळायचं. गावात गिरणी होती, पण तिचं पीठ मठात चालत नसे. पूर्वी बाबा स्वतः दळत. पुढे त्यांचा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. भाकरी थापण्यापुरता हात चाले, जातं ओढण्यापुरता चालत नसे.

हे सगळं बाबांनी श्रीरंगला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण त्याच्या गृहीतकात पिठाला जागा नव्हती.

भावांनी दळलेलं पीठ एरवी बाबांना कितीतरी दिवस पुरलं असतं. पण शहरातल्या माणसाला टेकडीची हवा लागली होती. आयुष्यात पहिल्यांदा भाकरी खात असल्यासारखा श्रीरंग खात होता. सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, मधल्या वेळी शिळ्या भाकरीचा काला. तो मागेल तेवढं बाबा वाढत होते.

एका सकाळी बाबांनी पिठाचा डबा उचलला, हलवून पाहिला आणि परत ठेवला.

त्या दिवशी भांडायला कुणी आलं नाही. बाबा पायरीवर बसून खालच्या वाटेकडे बघत राहिले. वाट मोकळी होती.

"गावात शांतता आहे," श्रीरंग समाधानाने म्हणाला.

"आहे खरी..." बाबा म्हणाले. त्यांनी काठी घेतली. "चल, गावात एक फेरी मारून येऊ."

गजराबाईच्या दारात शेवगा होता. शेंगांनी लगडलेला. त्याची एक मोठी फांदी शेजारच्या ठकूबाईच्या अंगणात झुकलेली होती. गजराबाई अंगण झाडत होती.

"शेवगा भारी लागलाय यंदा," बाबा कुंपणाशी थांबून म्हणाले.

"देवाची किरपा, बाबा."

"शेंगाही गोड. परवा ठकूबाईनं आणून दिल्या होत्या. आमटीत घातल्या."

गजराबाईच्या हातातला झाडू थांबला.

"कुनी दिल्या?"

"ठकूबाईनं." बाबांनी काठी उचलली. "येतो मग."

आणि ते निघाले. श्रीरंग मागून धावत गेला. वळणावर त्याने बाबांना गाठलं तेव्हा पाठीमागून दोन बायकांचे आवाज येऊ लागले होते आणि ते चढत चालले होते.

"बाबा, तुम्ही मुद्दाम केलंत."

"काय?"

"भांडण लावून दिलंत."

"शेंगा गोड होत्या," बाबा म्हणाले. "खोटं बोलू काय?"

श्रीरंग वाटेतच थांबला. त्याच्या पायाखालची टेकडी सरकल्यासारखी झाली. दळणामुळे भांडण मिटतं हे तर राहूच दे. भांडणामुळे पीठ होतं हेही राहू दे. इथे पीठ संपलं म्हणून भांडण झालं होतं. पीठ स्वतंत्र, भांडण परतंत्र. आणि पीठ कुणामुळे संपलं, हा प्रश्न मनात येताच त्याने तो घाईघाईने बाजूला सारला. सकाळीच त्याने काला खाल्ला होता.

*

ते मठात पोचले तेव्हा दोघी आधीच जात्यावर बसलेल्या होत्या. मधल्या पायवाटेने चढून आल्या असाव्यात. ठकूबाई एका हाताने खुंटा धरून दुसऱ्याने मूठमूठ दाणे घालत होती, गजराबाई जोराने ओढत होती, आणि दोघी सुनांबद्दल अगदी एकमताने बोलत होत्या. बाबा पाणी आणायला विहिरीवर गेले.

श्रीरंग ओसरीत त्यांच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. त्याला राहवेना. फसवलं गेलेल्या माणसांना खरं सांगणं हे संशोधकाचं काम आहे, असं त्याला वाटलं.

"तुम्हाला एक सांगू का?" तो हळूच म्हणाला. "बाबांनी हे मुद्दाम केलं."

"बाबांचं पीठ सरलं आसंल," ठकूबाई म्हणाली.

"सरनारच की," गजराबाई म्हणाली. "पाव्हना आलाय न्हवं."

श्रीरंगचे कान तापले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"आख्ख्या गावाला म्हाईत हाय. दळून आनून द्यावं तर बाबा घेत न्हाईत. गुरूची आन हाय त्यास्नी. खांदा तसला. मग मानसानं करायचं काय?"

"म्हणजे तुमचं भांडण खोटं आहे."

दोघींचे हात थांबले. हा शब्द मात्र त्यांना झोंबला.

"खोटं कशापायी आसंल?" गजराबाई म्हणाली. "खरंच हाय. हिनं न इचारता शेंगा तोडल्या."

"फांदी माज्या अंगनात हाय," ठकूबाई म्हणाली.

"झाड कुनाचं हाय?"

"सावली कुनाच्या दारात पडतीया? पाला कोन झाडतंय?"

"मग इतके दिवस तुम्ही भांडला का नाहीत?" श्रीरंगने विचारलं.

"घरात भांडाय येळ कुनाला हाय, दादा?" ठकूबाई त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाली. "आमी भांडन ठिवून देतो. बाबांचं पीठ सरलं की काढतो. हितं कसं, निवांत भांडता येतं."

एवढं झालं आणि मागे बादली ठेवल्याचा आवाज आला. बाबा दारात उभे होते. दोघींनी एकदम जीभ चावली. दळण संपायच्या आत भांडणाचं बोलून झालं होतं, झाडापासून पाल्यापर्यंत सगळं.

रीत म्हणजे रीत. दोघी उठल्या, बाबांच्या पाया पडल्या आणि निघाल्या. पाटीत निम्मीअधिक ज्वारी तशीच होती.

"आठ दिस आता," गजराबाई पायऱ्या उतरताना म्हणाली. "ह्या पाव्हन्यामुळं."

बाबांनी पाटीकडे पाहिलं. मग श्रीरंगकडे पाहिलं...

"मी फक्त विचारलं," श्रीरंग म्हणाला.

*

मठात फोनला रेंज एकाच ठिकाणी येई, ध्वजाच्या चौथऱ्यापाशी. श्रीरंग तिथे जाऊन बराच वेळ उभा राहिला. भांडणामुळे पीठ, पिठामुळे भांडण, आणि भांडण तर आधीपासून ठेवलेलंच. कोण कुणाला हलवत होतं? सगळे एकमेकांना हलवत होते आणि मधे तो बसून काला खात होता.  इतकी वर्षं, आई-बापांचा तोच तो प्रश्न, 'झालं का रे तुझं?', आणि शेवटी हातात काय, तर शेवग्याच्या शेंगा.

त्याने मॅडमना फोन लावला.

"मॅडम, माझं नाव काढून टाका. शनिवारी मी येत नाही."

"का? काय झालं?"

"माझं गृहीतक मोडलं."

"मोडलं म्हणजे? काय सापडलं तुम्हाला?"

"काही सापडलं नाही. होतं ते गेलं. आणि तुम्हाला दिसत होतं तर सरळ सांगायचं होतं ना आधीच. लाल शाईत कोडी कसली घालता?"

"बोपर्डीकर, आवाज खाली."

"का खाली? माझं सगळं जातंय, तुमचं काय जातंय?"

त्याचा हात कुणीतरी धरला. बाबा होते. त्यांनी हात पुढे केला.

"दे."

श्रीरंगने काही न सुचून फोन दिला.

"ताई, नमस्कार. करवंदवाडीच्या मठातून भारती बोलतोय," बाबा म्हणाले. "तुमचा विद्यार्थी चांगला आहे. जेवतो व्यवस्थित. तो म्हणतो, मॅडमना काही कळत नाही... हो. मी विचारलं त्याला, काहीच? तो म्हणाला, काहीच."

त्यांनी फोन परत दिला.

श्रीरंगने तो कानाला लावला. 

"बोपर्डीकर," मॅडमचा आवाज आला. "तिथेच थांबा. मी येते."

फोन बंद झाला.

"बाबा, काय केलंत हे?" श्रीरंग ओरडला. "त्यांची सही नसेल तर मी संपलो. तुम्हाला ही गंमत वाटते. माझं आयुष्य आहे हो हे."

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर गंमत अजिबात नव्हती.

"तू म्हणाला होतास," ते म्हणाले. "खोटं बोलू काय?"

*

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. पिकलेले केस, इस्त्रीची साडी, शहरातल्या चपला आणि टेकडी चढून लागलेला दम. रात्रभर जुळवलेली माफी श्रीरंगच्या ओठांवर आली आणि तिथेच राहिली, कारण मॅडमनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"मला यांच्याशी बोलायचंय," त्या बाबांना म्हणाल्या.

बाबांनी जात्याकडे बोट केलं.

"मी बोलायला आलेय. दळायला नाही."

बाबांचं बोट तिथेच राहिलं.

"इथली रीत आहे, मॅडम," श्रीरंग पुटपुटला.

मॅडमनी एकदा बोटाकडे, एकदा जात्याकडे पाहिलं. मग पर्स खांबाला अडकवली, पदर खोचला आणि बसल्या. श्रीरंग समोर बसला. दोघांनी खुंटा धरला.

दोघांनाही दळता येत नव्हतं. मॅडमनी ओढलं, श्रीरंगनेही ओढलं. जातं हललं नाही. त्याने जोर लावला, त्यांनीही लावला. त्याला वाटलं, या बाईंना सोडायचं म्हणून ठाऊक नाही. मग त्याच्या लक्षात आलं की त्यालाही नाही.

त्याने हात सैल सोडला. दगड अर्धा फिरला. त्यांनी सोडला, दगड उरलेला अर्धा फिरला.

ते कितीतरी वेळ दळत राहिले. कुणी काही बोलत नव्हतं. मॅडमच्या तळहाताला फोड आला होता. त्या हात बदलत होत्या, पण सोडत नव्हत्या. श्रीरंगला एकाएकी आपली लाज वाटली. या बाई इतक्या वयाच्या आहेत हे इतक्या वर्षांत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. रागाने आल्या असतील, पण एसटी बदलून, टेकडी चढून आल्या होत्या. नाव कापायचं असतं तर तेवढ्यासाठी कुणी येत नाही.

पाटी रिकामी झाली.

"बोला," बाबा म्हणाले.

मॅडमनी तळहाताचं पीठ पदराला पुसलं.

"तुला काय वाटलं," मॅडम म्हणाल्या, "मला उत्तर माहीत होतं म्हणून मी तो प्रश्न लिहिला?"

श्रीरंगने वर पाहिलं. मॅडम त्याला कधी अरे-तुरे करत नसत.

"ढिगाने आराखडे वाचते मी. प्रत्येकात कुणीतरी कुणालातरी हलवत असतं, आणि मी सही करते. तुझा वाचला आणि पहिल्यांदाच वाटलं, इथे नक्की कोण कुणाला हलवतंय? मला कळेना. म्हणून विचारलं. खात्री आहे का?"

"मला वाटलं, तुम्ही मला मूर्ख समजता."

"तेही समजते. तो वेगळा मुद्दा."

श्रीरंगला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि दोन्ही लपवायला त्याला फक्त पिठाचे हात होते. मग त्याने सगळं सांगितलं. टाकी, शेंगा, ठेवून दिलेली भांडणं, गुरूंचा दंडक, बाबांचा खांदा, आणि शेवटी खालमानेने, स्वतः खाल्लेल्या भाकऱ्या. ठेवून दिलेल्या भांडणांपाशी मॅडमनी तोंडाला पदर लावला. भाकऱ्यांपाशी त्या मोठ्याने हसल्या.

"शनिवारी हेच मांड," त्या म्हणाल्या.

"हे? समिती म्हणेल, याचं डोकं फिरलंय."

"दोघांचं फिरलंय म्हणेल. मी सही करून शेजारी बसणार आहे."

श्रीरंगने सॅकमधून आराखडा काढून त्यांच्यापुढे धरला.  मॅडमनी पर्समधून पेन काढलं आणि आराखड्याचा मागचा कोरा कागद उलटा केला.

"तर मग, स्वतंत्र चल पीठ. पीठ कमी झालं की भांडणं वाढतात."

"पीठ नाही, मॅडम. बाबांची भूक."

"भूक मोजणार कशाने? पीठ मापाने मोजता येतं."

"पण पीठ तर पाहुण्यामुळे संपलं. मग पाहुणा धरा."

"पाहुणा तू आहेस. स्वतःलाच चल धरतोस?"

"का नको?"

"कारण संशोधकाने बाहेर राहायचं असतं, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलंय."

"बाहेर राहून कळलं असतं का यातलं काही? तुम्ही तरी आत्ता बाहेर आहात का? हात बघा तुमचे."

"माझ्या हातांवर जाऊ नकोस, श्रीरंग."

"मी तुमच्या मुद्द्यावर जातोय. मुद्दाच चुकलाय."

"माझा?"

बाबा मधे वाकले. जात्याच्या कडेचं चिमूटभर पीठ त्यांनी बोटांत घेतलं आणि चोळून पाहिलं. मग दाण्यांचं पोतं ओढून आणलं आणि पाटी पुन्हा भरून दोघांच्या मधे ठेवली.

"भरड आलंय," ते म्हणाले. "अजून थोडं भांडा."